यार्ड व्यवस्थापन (वितरण केंद्र)

यार्ड व्यवस्थापन म्हणजे वितरण केंद्राच्या प्रवेशद्वारापासून माल चढविण्या-उतरविण्याच्या धक्क्यापर्यंतच्या मोकळ्या आवारात ट्रेलर व इतर मालवाहू वाहनांचे येणे, थांबणे, जागा बदलणे आणि बाहेर पडणे यांचे नियोजन व नियंत्रण होय. गोदामाच्या भिंतींच्या आतील कामास गोदाम व्यवस्थापन आणि रस्त्यावरील कामास वाहतूक व्यवस्थापन म्हणतात. या दोहोंच्या मधली जागा यार्डाची. ती बहुधा कोणाच्याच अखत्यारीत स्पष्टपणे नसते आणि यार्डातील पुष्कळशा अडचणींचे मूळ तेथेच असते.

वरवर पाहता हा विषय वाहने हलविण्याचा आहे. प्रत्यक्षात यार्डात आलेल्या वाहनाचा फार थोडा वेळ हलण्यात जातो आणि उरलेला सगळा उभे राहण्यात. म्हणून यार्ड व्यवस्थापन हे मुख्यतः प्रतीक्षेचे व्यवस्थापन ठरते. भारतात ट्रेलर उभा असला की त्याचा चालकही सोबत उभा असतो. पुण्याच्या पूर्वेस अहिल्यानगर मार्गावर वाघोलीपासून लोणीकंद, सणसवाडी, शिक्रापूरपर्यंत गोदामांचा जो पट्टा वाढला आहे, तेथे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे : आवारात न मावलेली प्रतीक्षा थेट सार्वजनिक रस्त्यावर येते.

संज्ञा

‘यार्ड’ हा इंग्रजी शब्द मराठीत रेल्वेमुळे रुळला. पुण्यात तो गुलटेकडीच्या ‘मार्केट यार्डा’मुळे घरोघरी पोहोचला. वाहन मागेपुढे करून जागेवर लावण्यास म्हणतात ते ‘शंटिंग’ही रेल्वेकडूनच आले. ज्याला स्वतःचे इंजिन नाही आणि ज्याच्या पुढील भागाचा भार ओढणाऱ्या वाहनावर टेकतो, त्याला काटेकोर भाषेत सेमी-ट्रेलर म्हणतात. व्यवहारात मात्र ओढणारे वाहन व मागचा सांगाडा मिळून सबंध गाडीलाच ‘ट्रेलर’ म्हणण्याची रीत आहे. ओढणाऱ्या पुढच्या भागाला चालकांच्या बोलीत ‘घोडा’ किंवा ‘पुलर’ म्हणतात. घोड्याच्या पाठीवरील जी गोल तबकडी ट्रेलरच्या खालच्या खुंटाला पकडते ती ‘फिफ्थ व्हील’, आणि तो खुंट म्हणजे ‘किंगपिन’. घोडा काढून घेतल्यावर ट्रेलरचा पुढचा भाग ज्या दोन पायांवर उभा राहतो त्यांना ‘लँडिंग लेग’ म्हणतात.

मराठी माणसाचा ‘टेम्पो’ हा शब्द मात्र मूळचा एका जर्मन कंपनीच्या वाहनाचे नाव. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीमुळे तो इतका प्रचलित झाला की कोणत्याही लहान मालवाहू वाहनाला तोच लागू लागला. हा भाषिक तपशील येथे गैरलागू नाही. आपल्याकडील यार्डात चाळीस फुटी ट्रेलर आणि ‘छोटा हत्ती’ एकाच फाटकातून आत येतात, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत या मिश्रणाचा विचार क्वचितच आढळतो.

पार्श्वभूमी

ट्रेलर ओढणाऱ्या वाहनापासून वेगळा करून ठेवता येतो, ही कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. तेव्हापासून पेटीसकट माल हलविण्याची पद्धत जगभर पसरत गेली. महाराष्ट्रात १९८९ मध्ये न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि घाटमाथ्यावरील रस्त्यांवर कंटेनर वाहणारे ट्रेलर नित्याचे झाले. चाकण, रांजणगाव, सणसवाडी या औद्योगिक भागांची आयात-निर्यात मुख्यतः याच बंदरातून होते.

यार्डाचा प्रश्न तीव्र होण्यास करपद्धतीतील बदलही कारणीभूत ठरले. पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकल्यास केंद्रीय विक्रीकर लागत असे, आपल्याच परराज्यातील गोदामात माल पाठविल्यास तो लागत नसे. म्हणून मोठ्या कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात एकेक लहान गोदाम बाळगत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि या विखुरलेल्या गोदामांची गरज संपली. त्यांच्या जागी थोडी पण प्रचंड वितरण केंद्रे उभी राहू लागली. पूर्वी दहा फाटकांवर विभागली जाणारी वाहने आता एका फाटकाशी येतात.

त्याआधी पुणे महापालिकेची जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद होऊन स्थानिक संस्था कर लागू झाला होता. शहराच्या वेशीवर जकात नाक्याशी मालमोटारींची रांग असे, हे त्या पिढीतील सर्वांच्या स्मरणात आहे. नाके गेले. रांगा मात्र पुष्कळ अंशी नाक्यावरून गोदामाच्या दाराशी सरकल्या, असे म्हणणे वावगे ठरू नये.

यार्डाची रचना

गोदामाच्या धक्क्याला व्यवहारात ‘डॉक’ म्हणतात. मोठ्या वाहनांसाठी त्याची उंची जमिनीपासून सुमारे १.२ मीटर ठेवतात, म्हणजे वाहनाची फळी व गोदामाची जमीन जवळपास एका पातळीत येते. उरलेला फरक ‘डॉक लेव्हलर’ नावाची वरखाली होणारी लोखंडी पाटी भरून काढते. टेम्पोची फळी याहून बरीच खाली असल्याने लहान वाहनांसाठी वेगळा उतार किंवा जमिनीलगतचे दार ठेवावे लागते. तसे नसेल तर माल हातोहात उतरवावा लागतो. टेम्पो मग मोठ्या ट्रेलरइतकाच वेळ डॉक अडवून बसतो.

चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब व २.४४ मीटर रुंद असतो. घोड्यासह पूर्ण गाडीची लांबी पंधरा-सोळा मीटरच्या घरात जाते. एवढी गाडी मागे घेऊन डॉकला सरळ लावायची तर डॉकच्या तोंडापासून समोरच्या अडथळ्यापर्यंत साधारण ३५ ते ४० मीटर मोकळी जागा लागते. जमिनीचा भाव वाढला की सर्वांत आधी कात्री लागते ती या जागेला, कारण कागदावर ती रिकामी दिसते. परिणाम असा की एका फेरीत लागणारी गाडी चार-पाच वेळा पुढेमागे करावी लागते आणि तेवढा वेळ शेजारचे दोन डॉकही अडून राहतात.

भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी एक बाब अशी की आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. मागे जाताना खिडकीतून त्याला स्वतःची उजवी बाजू नीट दिसते. डावी बाजू केवळ आरशात दिसते, आणि ट्रेलर वळल्यावर तीही दिसेनाशी होते. म्हणून इमारतीभोवती वाहने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावीत : इमारत चालकाच्या उजवीकडे राहते आणि मागे वळतानाही ट्रेलरचे मागचे टोक त्याच्या नजरेत असते. अमेरिकी ग्रंथांत याच्या नेमकी उलट दिशा सांगितलेली असते, कारण तेथे चालक डावीकडे बसतो. तेथील आराखडा जसाच्या तसा उचलल्यास प्रत्येक वाहन आंधळ्या बाजूने मागे घ्यावे लागेल.

यार्डाची जमीन हाही दुर्लक्षित विषय आहे. सुट्या ट्रेलरचा पुढचा सारा भार दोन लहान पायांवर येतो. मुरमाच्या जमिनीत पावसाळ्यात आणि डांबरी जमिनीत उन्हाळ्यात हे पाय रुततात. ट्रेलर जेथे सोडायचे तेथे काँक्रीटची पट्टी घालणे हा यावरचा साधा उपाय आहे.

फाटक ते फाटक

वाहनाच्या मुक्कामाचा क्रम बहुतेक वितरण केंद्रांत सारखाच असतो. वाहतूकदार आदल्या दिवशी वेळ ठरवून घेतो. तीच नियोजित वेळ. फाटकावर वाहन क्रमांक, बिल्टी, बीजक, ई-वे बिल, चालकाचा परवाना आणि कंटेनरच्या दाराचे सील पाहून आवक नोंद होते. आवश्यक असल्यास वजनकाट्यावर वजन होते. मग चालकाला टोकन देऊन थांब्याची जागा दाखविली जाते. डॉक मोकळा झाल्यावर त्याला बोलावतात, तो गाडी लावतो, चाकांना ठोकळे लागतात, सील तोडले जाते आणि माल उतरतो. मालाची मोजणी होऊन पोहोच-पावतीवर शिक्का पडला की जावक नोंद होते.

या साखळीत माल उतरवायला लागणारा वेळ सहसा ठरलेला असतो. फळीवर रचून आलेला माल फोर्कलिफ्टने तासाभरात निघतो, तर सुटी खोकी हाताने काढायला कित्येक तास जातात. अनिश्चितता असते ती इतर टप्प्यांवर. बीजकातील नग व प्रत्यक्ष नग जुळत नाहीत, सीलचा क्रमांक चुकीचा लिहिलेला असतो, शिक्का मारणारा जेवायला गेलेला असतो. गाडी रिकामी होऊनही पावतीअभावी डॉकवर उभी राहणे हा तर यार्डातील सर्वांत महाग आणि सर्वांत टाळता येण्यासारखा अपव्यय आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी रिकामे वाहन ताबडतोब थांब्यावर नेऊन पावती तेथे पोहोचविण्याचा नियम करतात.

ई-वे बिलामुळे या प्रतीक्षेला कायदेशीर मुदतही आली. आंतरराज्य मालवाहतुकीसाठी हे बिल १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालाच्या बाबतीत प्रत्येक २०० किलोमीटर अंतरास एक दिवस अशी त्याची मुदत आहे. जवळून आलेल्या वाहनाची मुदत फाटकाबाहेर रांगेतच संपू शकते. मुदत संपण्यापूर्वीचे व नंतरचे आठ तास एवढ्याच काळात ती वाढवून घेता येते. रांगेतील कोणाचे बिल केव्हा संपते याची नोंद फाटकावर ठेवणे म्हणूनच सोयीचे ठरते.

प्रतीक्षेचे गणित

यार्डात एका वेळी किती वाहने असतील याचे उत्तर एका सोप्या सूत्रात मिळते. सरासरी वाहनसंख्या म्हणजे ताशी येणारी वाहने गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचे सरासरी तास. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये याची सर्वसाधारण सिद्धता दिली. ते ‘लिटलचा नियम’ म्हणून ओळखले जाते.

समजा, एका केंद्रात ८ डॉक आणि ८ थांबे आहेत, म्हणजे आवारात १६ वाहने मावतात. बारा तासांत ४८ वाहने येतात, म्हणजे ताशी ४. सरासरी मुक्काम ३ तासांचा असेल तर आवारात सरासरी १२ वाहने असतील आणि काम सुरळीत दिसेल. काही कारणाने मुक्काम ५ तासांवर गेला तर हीच संख्या २० होते. जास्तीची ४ वाहने फाटकाबाहेर उभी राहतात. ट्रेलर असल्यास ती मधल्या अंतरासह सुमारे ८० मीटर रस्ता व्यापतात. येथे एकही वाहन जास्त आलेले नाही. वाढला तो फक्त मुक्काम. रस्त्यावरील रांग पाहून ‘गाड्या फार झाल्या’ असा निष्कर्ष लोक काढतात, पण दोष अनेकदा आतील संथपणाचा असतो.

दुसरे गणित अधिक बोचरे आहे. एकच डॉक आहे, वाहने यदृच्छया येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-अधिक होतो असे धरू. डॉक निम्मा वेळ व्यग्र असेल तर रांगेतील सरासरी प्रतीक्षा एका वाहनाच्या कामाच्या वेळेइतकी असते. व्यग्रता ८० टक्के झाली की ती चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट. काम एका तासाचे असेल तर प्रतीक्षा नऊ तासांची होईल. अनेक डॉक एकाच रांगेने भरले तर आकडे सौम्य होतात, पण चढ तसाच राहतो. डॉक क्षणभरही रिकामा राहू नये हा व्यवस्थापकाचा आग्रह वाहनचालकाच्या वेळेने फेडला जातो, हे या गणिताचे तात्पर्य. नियोजित वेळा पाळल्या गेल्या तर यदृच्छा कमी होते आणि तेवढ्याच डॉकांत प्रतीक्षा घटते. म्हणूनच वेळ नेमून देण्याला यार्ड व्यवस्थापनात इतके महत्त्व आहे. मात्र वेळेवर आलेल्याला वेळेवर आत घेतले जात नाही, असा अनुभव दोनदा आला की कोणीही ती वेळ पाळत नाही. पहाटेच येऊन रांग धरणे मग चालकाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते.

महिनाअखेरीस विक्रीची उद्दिष्टे गाठण्यासाठी आणि दसरा-दिवाळीपूर्वी मागणीमुळे वाहनसंख्या उसळते. सरासरी पाहून बांधलेले यार्ड नेमके तेव्हा अपुरे पडते.

ट्रेलर सोडून जाण्याची पद्धत

अमेरिका व युरोपातील मोठ्या केंद्रांत चालक भरलेला ट्रेलर यार्डात सोडतो, दुसरा तयार ट्रेलर जोडतो आणि निघून जातो. सोडलेला ट्रेलर सवडीने डॉकवर नेण्याचे काम ‘यार्ड ट्रॅक्टर’ नावाचे आखूड वाहन करते. त्याची फिफ्थ व्हील यंत्राने वर उचलली जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी ट्रेलरचे पाय हाताने फिरवून वर घ्यावे लागत नाहीत. केबिनला मागे दार असल्याने चालक खाली न उतरता हवेच्या नळ्या जोडतो. असा एक चालक पाळीत अनेक ट्रेलर हलवू शकतो. शिवाय आवाराची नस त्याला ठाऊक असते, त्यामुळे गाडी लावण्यातील अपघातही घटतात.

भारतात ही पद्धत अद्याप मर्यादित आहे. बहुतेक माल न सुटणाऱ्या, एकसंध सांगाड्याच्या मालमोटारींतून जातो. बत्तीस फुटी बंद कंटेनर-गाडी हे वितरण केंद्रांतील नेहमीचे दृश्य. तिच्यातून घोडा वेगळा काढताच येत नाही. ट्रेलर सोडायचे तर एका घोड्यामागे दोन-तीन ट्रेलर बाळगावे लागतात आणि देशातील बहुसंख्य मालमोटारी मोजक्या गाड्या असणाऱ्या लहान मालकांच्या आहेत. आपला ट्रेलर परक्या आवारात सोडून जाण्यास ते राजी नसतात. टायर, बॅटरी जागेवर राहतील का, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

चालक, हमाल आणि थांबण्याचे मोल

ट्रेलर सुटत नाही म्हणून चालक सुटत नाही. वाहतूकदार व माल पाठविणारा यांच्या करारात ठरावीक तासांनंतर ‘हॉल्टिंग’ आकारण्याची तरतूद असू शकते. मोठ्या ग्राहकापुढे लहान वाहतूकदाराला ती वसूल करणे जड जाते. फेऱ्यांवर मोबदला मिळणाऱ्या चालकाचे नुकसान याहून थेट असते : गाडी उभी राहिली की फेरी बुडते.

कायद्याची भूमिका येथे अभ्यासण्यासारखी आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली. त्यातील कामाच्या तासांच्या व्याख्येत मार्गाच्या टोकाशी नुसते हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी काळ धरला होता. गोदामाच्या दाराशी सहा तास ताटकळणे त्या व्याख्येत सरळ बसत नाही. विश्रांतीही नाही आणि कामही नाही, अशा या तासांनंतर तोच चालक रात्रीच्या रस्त्यावर निघतो. यार्डात स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावली आणि झोपण्यापुरती जागा असणे ही केवळ सौजन्याची बाब नव्हे, ती रस्ता सुरक्षेची बाब आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालवाहनांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. थांबलेल्या वाहनाची केबिन थंड ठेवायची तर इंजिन चालू ठेवावे लागते. त्यामुळे लांबलेला मुक्काम यापुढे डिझेलच्या हिशेबातही दिसू लागेल.

माल चढविणे-उतरविणे हे महाराष्ट्रात माथाडी कामगारांचे क्षेत्र आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. नोंदणीकृत मालक मजुरी व तिच्यावरील आकार माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगारांना वेतन व लाभ देते. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या श्रमिकांना संघटित केले. यार्डाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की टोळी केव्हा उपलब्ध आहे यावरच डॉकची खरी क्षमता ठरते. आठ डॉक आणि तीन टोळ्या असतील तर डॉक तीनच समजावेत. चालकाकडून घेतली जाणारी ‘वाराई’ हा वादाचा जुना विषय आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. वाराई कोणी द्यायची यावर डॉकवर घासाघीस सुरू झाली की तो वेळही मुक्कामातच मोजला जातो.

सुरक्षितता

यार्डात वेग कमी असतो, म्हणून ते सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात जड वाहन मागे घेणे आणि त्याच आवारात माणसे पायी फिरणे हा संयोग घातक असतो. पूर्वी क्लीनर खाली उतरून गाडीच्या अंगावर थाप मारत, ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत गाडी मागे घेई. आता अनेक गाड्यांवर क्लीनर नसतो. त्याची जागा केंद्राने नेमलेल्या, ठरलेल्या हातखुणा जाणणाऱ्या माणसाने घ्यावी लागते. तो दिसेनासा झाला की चालकाने गाडी थांबवावी, हा या कामाचा पहिला नियम आहे.

डॉकवर तीन धोके विशेष आहेत. पहिला, फोर्कलिफ्ट आतबाहेर करताना बसणाऱ्या धक्क्यांनी ट्रेलर हळूहळू पुढे सरकतो आणि डॉक व फळी यांत फट पडते. त्यासाठी चाकांना ठोकळे लावतात. नुसता दगड ठेवण्याची आपल्याकडील सवय पुरेशी नाही. दुसरा, माल उतरत असतानाच चालक गाडी काढतो. माल उतरेपर्यंत किल्ली डॉक कार्यालयात ठेवून घेणे हा त्यावरचा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. तिसरा, घोडा काढून घेतलेल्या ट्रेलरच्या पुढच्या टोकापर्यंत भरलेली फोर्कलिफ्ट गेली तर ट्रेलर नाकावर कलंडू शकतो. अशा ट्रेलरच्या नाकाखाली आधाराची घोडी लावतात.

ट्रेलर जोडताना किंगपिन तबकडीत पूर्ण अडकला आहे का, हे वाकून डोळ्यांनी पाहावे लागते. नुसता खटका ऐकून निघाल्यास वाटेत ट्रेलर सुटण्याचा संभव असतो.

नोंदी व संगणकीकरण

लहान यार्डात आवक-जावक वही, एक फळा आणि दर दोन तासांनी हातात यादी घेऊन मारलेली फेरी पुरते. वाहने वाढली की कोणता ट्रेलर कोठे आहे हे शोधण्यातच माणसे गुंततात. तेथे यार्ड व्यवस्थापन प्रणाली, वाहन क्रमांक वाचणारे कॅमेरे, जीपीएस आणि चालकाच्या मोबाइलवर जाणारी सूचना यांचा उपयोग होतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाल्याने बहुतेक वाहनांवर वाचता येणारी खूण आयतीच उपलब्ध आहे. फाटकावर प्रत्यक्ष आगमनाची वेळ नोंदलीच जात नसेल, वाहन आत घेतल्यावरच घड्याळ सुरू होत असेल, तर मात्र बाहेरची प्रतीक्षा कोणत्याही प्रणालीला दिसत नाही. अहवालात सारे आलबेल आणि रस्त्यावर रांग, ही विसंगती बहुधा अशीच निर्माण होते.

वाघोली परिसर

वाघोली हे हवेली तालुक्यातील जुने गाव, वाघेश्वराचे मंदिर आणि पिलाजी जाधवराव यांच्या घराण्यासाठी ओळखले जाणारे. परिसरातील दगडखाणी व खडीयंत्रांमुळे जड वाहने येथे गोदामांच्या आधीपासून आहेत. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांत वाघोली होते. तोवर वस्ती शहराची आणि प्रशासन ग्रामपंचायतीचे अशी स्थिती होती. आजही मोठ्या गृहसंकुलांचे, शाळा-महाविद्यालयांचे आणि गोदामांचे रस्ते त्याच महामार्गावर येऊन मिळतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथील मुलांच्या शिक्षणासाठी उभा राहिलेला भारतीय जैन संघटनेचा शैक्षणिक प्रकल्पही येथेच आहे. महामार्गाच्या कडेला उभा ट्रेलर म्हणजे पायी जाणाऱ्या विद्यार्थ्याला रस्त्याच्या मध्याकडे ढकलणारी भिंत. सायकलस्वाराला आणि दुचाकीस्वारालाही तिला वळसा घालताना मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत जावे लागते.

जड वाहने आणि माणसे येथे किती जवळ वावरतात हे २३ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. मध्यरात्रीनंतर केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला आणि दोन बालकांसह तिघांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा गोदामांच्या यार्डाशी संबंध नव्हता. पण ज्या रस्त्याच्या कडेला माणसे झोपतात, त्याच कडेला रांग उभी करण्याचा विचार करताना ती विसरता येत नाही.

या पट्ट्यातील केंद्रांना वाहने तीन दिशांनी येतात : मुंबई व न्हावाशेव्याकडून तळेगाव, चाकण, शिक्रापूर या मार्गाने; अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगरकडून थेट; आणि सोलापूर महामार्गाकडून थेऊर व केसनंद किंवा लोणीकंदमार्गे. शहरात जाणारा माल मात्र बहुधा टेम्पो व लहान मालमोटारींतून वाघोलीमार्गेच जातो. गर्दीच्या वेळी शहरातील प्रमुख रस्त्यांवर जड वाहनांना वाहतूक पोलीस बंदी घालतात. त्यामुळे लहान वाहने पहाटे भरून काढावी लागतात आणि मोठी रात्री उतरवावी लागतात. दोन्ही कामांना डॉक तेच. रात्रीची उतराई लांबली की सकाळचे टेम्पो अडतात. सकाळी उशिरा निघालेले टेम्पो नेमके शाळा व कार्यालयांच्या वेळेला वाघोलीच्या चौकांत येतात.

केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये रामवाडीपासून वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंतच्या मेट्रो मार्गाला मंजुरी दिली आहे. तो महामार्गालगत जात असल्याने बांधकामाच्या काळात रस्त्याची वापरता येणारी रुंदी हा यार्डांच्या नियोजनातील वेगळा घटक राहील.

वर्षातील एक दिवस या भागातील प्रत्येक यार्डाच्या दिनदर्शिकेत आधीच नोंदलेला असावा लागतो. १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात. त्यासाठी ३१ डिसेंबरपासूनच महामार्गावरील वाहतूक वळविली जाते. जड वाहनांना हडपसर, सोलापूर रस्ता, केडगाव चौफुला, न्हावरे, शिरूर असा लांबचा वळसा पडतो. वळविण्याच्या वेळा व मार्ग प्रशासन दरवर्षी जाहीर करते. त्या दोन दिवसांच्या नियोजित वेळा आधीच पुढेमागे कराव्या लागतात, ई-वे बिलांची मुदत वाढीव अंतर धरून तपासावी लागते, आणि आवारात असलेली वाहने ३० डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी करून बाहेर काढावी लागतात.